जास्त हात वर झाले म्हणजे बरोबर झालं का? (मुलं, तत्त्वज्ञान आणि लोकशाही)

खाडीकिनारी (ऐरोली) | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज बसून लिहितेच. लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या आणि आमच्या सोसायटीतली पंधरा मुलं दिवसभर खाली. बी विंगच्या मागे पेव्हर ब्लॉकची जागा आहे तेवढीच काय ती खेळायला, बाकी सगळीकडे गाड्या. रोज संध्याकाळी भांडण, क्रिकेट का लगोरी. तिसऱ्या दिवशी रडारड झाली म्हणून मी खाली उतरले आणि म्हटलं भांडता कशाला, मत घ्या, हात वर करा. क्रिकेट ११, लगोरी ४. मिटलं. मला वाटलं चला, मुलांना आज लोकशाही शिकवली.

आठवड्याने त्या चौघांतली एक नऊ वर्षांची मुलगी दारात उभी. "काकू, रोज मत घेतलं तरी आम्ही रोज चारच असणार ना. मग आम्ही कधीच नाही का खेळायचं?"

मला काही सांगता आलं नाही. खरंच नाही आलं. लोकशाही म्हणजे बहुमताचं राज्य हे आपण सगळ्यांनी नागरिकशास्त्राच्या पेपरात लिहिलेलं आहे आणि मार्कही घेतले आहेत, पण समोर उभ्या असलेल्या त्या मुलीला ते वाक्य म्हणून दाखवायची माझी हिंमत होईना. रात्री झोप नाही. मग शोधायला लागले आणि मॅथ्यू लिपमन सापडले. कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवायचे. तिथे १९६८ च्या आंदोलनांचा काळ पाहिला, आणि त्यांचं मत झालं की नीट विचार करायला, समोरच्याचं ऐकून घ्यायला कॉलेजात शिकवायला घेणं म्हणजे फार उशीर झाला, हे दहा-अकराव्या वर्षीच व्हायला हवं. म्हणून त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली, तिच्यात मुलंच आपसात बोलता बोलता विचाराचे नियम शोधून काढतात. पुढे १९७४ मध्ये अॅन मार्गारेट शार्प यांच्याबरोबर न्यू जर्सीत माँटक्लेअरला त्यासाठी संस्थाच काढली. आज कितीतरी देशांत शाळांतून हे चालतं.

पद्धत अगदी साधी आहे. मुलं गोल बसतात. एखादी गोष्ट वाचायची. मग प्रश्न मुलांनी काढायचे, आपण नाही. प्रत्येक प्रश्न फळ्यावर, विचारणाऱ्याच्या नावासकट. त्यातला एक निवडायला मत घ्यायचं आणि मग बोलायचं. मोठ्या माणसाने उत्तर द्यायचं नाही, त्याने फक्त विचारत राहायचं, का वाटतं असं? एखादं उदाहरण दे. ती आत्ता म्हणाली ते तुला पटलं का, नसेल तर नेमकं कुठे नाही पटलं? आणि मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रश्न निवडायला मत घेतात पण उत्तराला मत घेत नाहीत. उत्तराला कारण द्यावं लागतं.

तर पहिल्या शनिवारी पाच वाजता क्लबहाऊसमध्ये सतरंजी घातली आणि त्याच मुलीचा प्रश्न घेतला. एक जण म्हणाला नियम म्हणजे नियम, जास्त हात तिकडे खेळ. मी विचारलं, मग ११ जणांनी ठरवलं की त्या चौघांच्या सायकली सगळ्यांनी वापरायच्या, तर चालेल? सगळे ओरडले नाहीईई, सायकल त्यांची आहे. बरं, मग जागा कोणाची? सगळ्यांची. तेव्हा आमच्या क्रिकेटवाल्यांचा कॅप्टन, सातवीतला मुलगा, हळूच म्हणाला, "सगळ्यांची म्हणजे अकरा जणांची का पंधरा जणांची?" त्यावर जी शांतता झाली ना ती मी कधी विसरणार नाही, मुलं विचार करताना दिसत होती, डोळ्यांनी दिसत होती.

तिसऱ्या शनिवारी त्याच मुलाने स्वतःहून सुचवलं की मंगळवार आणि शुक्रवार क्रिकेट बंद. हात वर करायची गरजच पडली नाही. मध्ये एकाने असंही म्हटलं होतं की मी सगळ्यात चांगला खेळतो तर माझं मत दोन धरा, त्यावरच एक अख्खा शनिवार गेला, तो पुन्हा कधीतरी लिहीन.

आता अडचण. काही पालकांचं म्हणणं की मुलं घरी उलट बोलायला लागली. ठाण्यात, नवी मुंबईत कुणी असं काही केलंय का, शाळेत, सोसायटीत? गोष्टी कुठल्या वापरता? आणि पालकांशी कसं बोलता?

---

उपवन_वारी (ठाणे) | रविवार, रात्री ११.२५

वाचनखूण साठवली ताई. सायकलवरून जागेवर आणलंत ते फारच छान.

माझा अनुभव छोटासा आहे. बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीला संविधानाची उद्देशिका असते, आपण ती कधी वाचतच नाही, पान उलटतो आणि धडा पहिला. २६ नोव्हेंबरला शाळेत पाठ म्हणवून घेतली म्हणून मुलगा घरी म्हणत होता आणि अडला, "दर्जाची व संधीची समानता, यात दोन वेगळे शब्द का? एकच आहे ना?" मी म्हटलं तूच सांग. दोन दिवस डोक्यात घेऊन फिरला. मग म्हणाला, स्पोर्ट्स डेला सगळ्यांना एकाच लाईनवर उभं केलं पण एकाच्या पायात बूटच नव्हते, मग संधी सारखी दिली का नाही दिली? सहावीत आहे. मी आणि त्याचा बाबा जेवता जेवता त्याच्याशी तासभर बोललो, आमचं दोघांचंच जमेना, बाबा म्हणे लाईन सारखी म्हणजे संधी सारखी, मी म्हणे नाही.

---

नेरुळ_पूर्व | सोमवार, सकाळी ७.५०

लोकलमध्ये बसून लिहितोय. धागाकर्तीच्या कळकळीबद्दल आदर आहे पण मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो.

एक, मुलांना आधी पाया लागतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला काय बरोबर काय चूक ते सांगावं लागतं, त्याला विचारत बसून चालत नाही. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, रात्री साडेदहाला मोबाईल ठेव म्हटलं तर कारण विचारते, कारण सांगितलं तर ते कारण कसं बरोबर नाही ते सांगते. आम्ही दोघं साडेआठला घरी पोचतो, स्वयंपाक, डबे, तिचा अभ्यास, यात प्रत्येक गोष्टीची चर्चा करायला वेळ कुठून आणायचा?

दोन, याचा फायदा किती? मीही थोडं वाचलं. इंग्लंडमध्ये ४८ शाळांत याची चाचणी घेतली होती, २०१५ मध्ये निष्कर्ष आले की वाचन आणि गणितात मुलं साधारण दोन महिन्यांनी पुढे गेली. सगळे तेच सांगतात. पण नंतर त्याहून मोठी चाचणी झाली तेव्हा वाचनात असा काही फायदा दिसला नाही, हे कुणी सांगत नाही. दहावीला याचे मार्कही नाहीत.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गोलात बसलेल्या मुलांपुढे जो मोठा माणूस बसतो तो स्वतःचं राजकारण मुलांच्या डोक्यात घालणार नाही याची खात्री कोण देणार?

---

खाडीकिनारी (ऐरोली) | सोमवार, दुपारी २.१५

नेरुळ_पूर्व, तुम्ही एवढं नीट लिहिलंत म्हणून नीटच उत्तर देते.

चाचण्यांचं तुमचं म्हणणं मान्य. गणित सुधारतं म्हणून हे करा असं मी कुणाला सांगणार नाही. आमच्या मंगळवार-शुक्रवारचे मार्क कुठल्याच परीक्षेत मिळत नाहीत आणि तरी ते मला हवे आहेत.

मोबाईलचं म्हणाल तर माझ्या घरीही झोपायची वेळ मीच ठरवते. सगळंच चर्चेने ठरत नाही. पण एक फरक मला दिसला, की मूल वाद घालतंय ते फक्त जिंकायला का त्याला खरंच कळून घ्यायचंय, हे ओळखता यायला लागलं. आधी मला दोन्ही सारखंच वाटायचं, उलट बोलणं.

तिसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी एवढंच पाळते की माझं मत सांगायचं नाही, आणि दर शनिवारी कुणी ना कुणी पालक मागे खुर्ची टाकून बसलेला असतो, दार उघडं असतं.

---

जुनं_नौपाडा | सोमवार, संध्याकाळी ६.०५

मी निवृत्त शिक्षक, संस्कृत आणि मराठी शिकवायचो. वय ७४. टायपिंग हळू आहे.

खाडीकिनारी, तुमच्या शेवटच्या उत्तरात जे आलं आहे, जिंकायचा वाद आणि कळून घ्यायचा वाद, त्याला आपल्याकडे फार जुनी नावं आहेत. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधायला दोघं बोलतात तो वाद. काहीही करून जिंकायचं, त्यासाठी शब्दांचा छळ केला तरी चालेल, तो जल्प. आणि स्वतःचं म्हणणं काहीच मांडायचं नाही, फक्त दुसऱ्याचं मोडत बसायचं, ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपण त्यातूनच उचलला, पण बाकीचे दोन विसरलो आणि "वाद" म्हणजेच भांडण करून टाकलं. किती चांगला शब्द होता! मी माझ्या नातवंडांना हे तीन शब्द शिकवले. आता टीव्हीवर चर्चा लागली की धाकटी सांगते, आजोबा हा जल्प चाललाय. कधी कधी मलाही सांगते, आणि तिचं बरोबर असतं.

दुसरं, पूर्वपक्ष. आपलं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकंच चांगलं मांडून दाखवायचं, मगच खोडायचं. हे मुलांकडून करून घ्या. "तो काय म्हणाला ते आधी तू सांग, आणि त्याला विचार मी नीट सांगितलं का." यात अर्धं भांडण तिथेच विरतं.

गोष्टींचं विचारलंत. गार्गीची सांगा, बृहदारण्यक उपनिषदातली. जनक राजाच्या सभेत ती याज्ञवल्क्य ऋषींना प्रश्न विचारते. हे कशात ओवलंय, ते कशात ओवलंय, असं विचारत विचारत ती शेवटाला पोचते तेव्हा याज्ञवल्क्य म्हणतात, गार्गी, अतिप्रश्न करू नकोस, नाहीतर तुझं डोकं गळून पडेल. ती गप्प बसते. आपण गोष्ट इथेच संपवतो. पण पुढे त्याच सभेत ती परत उठते, सगळ्या विद्वानांची परवानगी मागते आणि आणखी दोन प्रश्न विचारते. मुलांना हे दोन्ही भाग सांगा. मी शाळेत सांगायचो तेव्हा मुली हमखास विचारायच्या, सर, मग पहिल्या वेळी त्यांनी उत्तर का नाही दिलं, धमकी का दिली?

आणि बहुमताबद्दल. तुकोबांचा अभंग आहे, "सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता". वारकऱ्यांच्या घरात वाढलो म्हणून लहानपणापासून कानावर, पण त्याचा अर्थ माझ्या एका विद्यार्थ्याने मला उलटा करून दाखवला. म्हणाला, सर, तुकोबांचं ठीक आहे पण सगळ्यांनीच आपापल्या मनाची साक्ष काढली तर गाव चालेल कसं? मी तेव्हा त्याला गप्प केलं होतं. आज त्याचं वाईट वाटतं. त्याचा प्रश्न योग्य होता. मनाला साक्षी ठेवायचं आणि ती साक्ष चारचौघांना पटेल अशा कारणांनी मांडायची, ही दोन्ही कामं आहेत, आणि दुसरं आम्ही मुलांना शिकवलंच नाही.

---

उपवन_वारी (ठाणे) | सोमवार, संध्याकाळी ६.३०

सर, साष्टांग नमस्कार. वाद-जल्प-वितंडा आजच फ्रिजवर लावते.

---

फळा_खडू (कळवा) | सोमवार, रात्री ९.५०

मी पालिका शाळेत शिकवते. वर्गात ५२ मुलं. आमच्याकडे क्लबहाऊस नाही, सतरंजी अंथरली तर पाय ठेवायला जागा नाही. तरी करते, कसं ते सांगते, कुणा शिक्षकाला उपयोगी पडेल.

दोन रिंगणं करायची. आतल्या रिंगणात पंधरा-सोळा मुलं, ती बोलणार. बाहेरच्यांनी बोलायचं नाही, ऐकायचं, आणि प्रत्येकाने आतल्या एका मुलावर लक्ष ठेवायचं, त्याने कारण दिलं का, दुसऱ्याचं ऐकून काही बदललं का. पुढच्या आठवड्यात आतले बाहेर. मला आधी वाटायचं बाहेरची मुलं गोंधळ घालतील पण उलट झालं, ती आतल्यांपेक्षा जास्त शिकतात. वीस मिनिटं पुरतात, शनिवारच्या शेवटच्या तासाला.

आमच्या मुलांना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मिलिंद राजाची. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, त्याचे आणि भिक्खू नागसेनांचे संवाद पाली ग्रंथात आहेत. त्यात सगळे रथाची गोष्ट सांगतात, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, ती चांगलीच आहे. पण त्याच्याच जवळ एक छोटा प्रसंग आहे. राजा म्हणतो चला चर्चा करू. नागसेन म्हणतात, पंडितांसारखी करणार असशील तर करू, राजांसारखी करणार असशील तर नको. फरक काय? पंडितांच्या चर्चेत एखाद्याची चूक दाखवली तर तो ती मान्य करतो आणि रागावत नाही. राजांच्या चर्चेत राजा एक बाजू घेतो आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा. मिलिंद म्हणतो, ठीक आहे, पंडितांसारखी करू. आणि निर्धास्त बोला असं सांगतो.

आता विचार करा, चौथीतल्या मुलाला यातून काय कळत असेल. एकाने लगेच हात वर केला, "बाई, तुम्ही वर्गात राजा आहात का पंडित?" शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, ते मी पाळतेच, पण त्या प्रश्नाने मला जे कळलं ते कलम वाचून कळलं नव्हतं. त्या दिवसापासून मुलांना परवानगी आहे, मी आवाज चढवला की "बाई, राजा!" म्हणायचं.

बाबासाहेबांना हे सगळं किती नेमकं ठाऊक होतं. १९१३ ते १६ ते कोलंबियात होते, तिथे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई त्यांचे शिक्षक, आणि ड्युईंचं लोकशाही आणि शिक्षणावरचं पुस्तक १९१६ चंच. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिलं आणि देऊ दिलं गेलं नाही, त्यात बाबासाहेब म्हणतात की लोकशाही म्हणजे फक्त सरकार चालवायची पद्धत नाही, ती मुळात एकमेकांबरोबर जगायची, एकमेकांचे अनुभव वाटून घ्यायची रीत आहे. पुढे १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, ते मिलिंद नावाने ओळखलं जातं. राजाचं नाव, पण कुठल्या राजाचं? चर्चेत पंडितांसारखं बोलायला कबूल झालेल्या राजाचं.

आता थोडं कडू. खाडीकिनारी ताई, तुम्ही मनापासून करताय ते दिसतंय, म्हणूनच विचारते. तुमच्या त्या गोलात कोण कोण आहे? पंधरा मुलं, सगळी फ्लॅटमालकांची किंवा भाडेकरूंची असणार. तुमच्याकडे जी बाई कामाला येते तिची मुलगी सुट्टीत कुठे बसते? माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया तुमच्यासारख्या सोसायट्यांत कामाला जातात. मे महिन्यात मुलगी बरोबर नेतात आणि जिन्यात बसवतात. एकत्र जगायची रीत शिकवताना गोलाच्या बाहेर जिन्यात कुणी बसलेलं असेल तर मुलं नक्की काय शिकतात?

---

खाडीकिनारी (ऐरोली) | मंगळवार, रात्री १२.१०

फळा_खडू ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

तुम्ही म्हणता तसंच आहे. एक मुलगी आहे, अकरा वर्षांची, ए विंगच्या जिन्यात बसते. आमच्या मुलांनी तिला पाहिलेलं आहे. मीही. क्लबहाऊस फक्त रहिवाशांसाठी असा नियम आहे आणि त्यावर मी सही केलेली आहे, दोन वर्षांपूर्वी मीच कमिटीत होते.

मी शनिवारी मुलांना तुमचाच प्रश्न विचारणार आहे. काय होतं ते इथे लिहीन.

---

नेरुळ_पूर्व | मंगळवार, सकाळी ८.०५

फळा_खडू, राजा आणि पंडित ही गोष्ट काल रात्री मुलीला सांगितली. ती लगेच म्हणाली, "म्हणजे मोबाईलच्या वेळी तू राजा असतोस." मी म्हटलं हो, तेव्हा असतो. मग तिनेच विचारलं की कधी राजा असायचं आणि कधी पंडित हे कोण ठरवतं. झोपायला सव्वाअकरा झाले.

माझं मूळ मत अजून तेच आहे, पाया आधी. पण एक सांगतो. आमच्या सोसायटीत कमिटीची निवडणूक झाली, ती बरोबर आली होती. तिने विचारलं, समोरच्या काकांचं मत का नाही? म्हटलं ते भाड्याने राहतात, मत सभासदाला असतं. ती म्हणाली, पाणी नाही आलं तर त्यांना पण नाही येत ना. कायदा तसा का आहे, मालकाची जबाबदारी वेगळी असते, भाडेकरू अकरा महिन्यांनी जातो, हे सगळं मी तिला समजावलं आणि ते मला पटतंही. पण घरी गेल्यावर त्या काकांना जाऊन विचारलं की तुमच्या मजल्यावर पाण्याचा काय प्रॉब्लेम आहे. सहा वर्षं शेजारी राहतात, आधी कधी विचारलं नव्हतं.

आणि तिसऱ्या मुद्द्यावर मी ठाम आहे. काही ठिकाणी मुलांसमोर मोठ्यांनी मत सांगायचंच नाही हे मान्य, पण सगळ्याच प्रश्नांना दोन बाजू असतात असं मुलांना वाटायला लागलं तर? अमुक जातीच्या माणसाला घर द्यायचं नाही, हेही कुणी "माझं मत" म्हणून मांडेल आणि तुम्ही म्हणाल, हं, उदाहरण दे?

---

जुनं_नौपाडा | मंगळवार, सकाळी ११.४०

हा प्रश्न उत्तम आहे आणि माझ्या मते त्याचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं. गोलाचेही नियम असतात आणि ते गोल बसायच्या आधी ठरलेले असतात. इथे बसलेला प्रत्येक जण सारखा, हा त्यातला पहिला. तो चर्चेला ठेवला तर चर्चाच उरत नाही, कारण ज्याला तुम्ही माणूस म्हणून कमी धरलं तो बोलणार कुठून? संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तिथे "काहींना असंही वाटतं" याला जागा ठेवलेली नाही. मुलं "हे कलम का घातलं असेल" हे जरूर विचारू शकतात, तो इतिहास त्यांना कळायलाच हवा. पण एखाद्या मुलाने दुसऱ्याला हीन लेखणारं काही म्हटलं तर शिक्षकाने तिथल्या तिथे थांबवायचं. त्या क्षणी गप्प राहणं हे तटस्थ राहणं नव्हे.

मी चाळीस वर्षांत एकदा तसा गप्प राहिलो आहे. ज्या मुलाबद्दल बोललं गेलं होतं त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

---

पामबीच_रात्री | मंगळवार, दुपारी ३.२०

मी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. नवी मुंबईत २०१५ ला पालिकेची निवडणूक झाली, २०२० ला मुदत संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासक. माझा मुलगा २०१४ चा. निवडून आलेला नगरसेवक दारात आलाय, रस्ता, कचरा, बाग यावर लोकांनी त्याला धारेवर धरलंय, हे त्याने लहानपणी पाहिलंच नाही. पुस्तकात पालिकेची रचना पाठ केली, महापौर, स्थायी समिती, पण ती त्याच्यासाठी मुघलांच्या मनसबदारीइतकीच लांबची. त्यामुळे मला हे बी विंगच्या मागचं मंगळवार-शुक्रवार फार मोलाचं वाटतं.

एक विचारायचं होतं, जी मुलं गोलात अजिबात बोलत नाहीत त्यांचं काय करता? माझा बोलत नाही.

---

फळा_खडू (कळवा) | मंगळवार, रात्री १०.१५

पामबीच_रात्री, बोलायला लावू नका. "पास" म्हणायची मुभा ठेवायची. माझ्या वर्गात एक मुलगा जूनपासून दिवाळीपर्यंत पास म्हणत होता. पण बाहेरच्या रिंगणात असताना त्याच्या वहीत जे यायचं ते वाचून मी थक्क व्हायचे. त्याला चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायला सांगा, नावासकट फळ्यावर लिहा. आपला प्रश्न फळ्यावर लिहिलेला आणि वीस जण त्यावर बोलतायत हे पाहिल्यावर मूल हळूहळू उघडतं. घाई नको.

नेरुळ_पूर्व, शेजारच्या काकांचं वाचून फार बरं वाटलं. मनापासून सांगते.

---

खाडीकिनारी (ऐरोली) | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११.००

लिहीन म्हटलं होतं, उशीर झाला कारण बरंच काही घडलं.

त्या शनिवारी मी मुलांना विचारलं, आपल्या गोलात कोण नाही? आधी गावाला गेलेल्यांची नावं आली. मग त्याच लगोरीवाल्या मुलीने सांगितलं, जिन्यातली ताई. मग जे सुरू झालं ते पाऊण तास. क्लबहाऊसचा खर्च आपल्या मेंटेनन्समधून होतो मग बाहेरच्यांनी का यायचं, इथपासून ती रोज आपल्या बिल्डिंगमध्ये येते तर ती बाहेरची कशी, इथपर्यंत. एकाने म्हटलं तिला बोलवू पण तिने फक्त ऐकायचं. त्यावर कॅप्टन म्हणाला मग ती आपल्यासारखी नाही झाली, पाहुणी झाली.

मुलांनी कमिटीला पत्र लिहायचं ठरवलं. मी सरांचा पूर्वपक्ष सांगितला, आधी कमिटीची बाजू लिहा, सेक्रेटरी काका वाचून म्हणाले पाहिजेत की हो, हेच माझं म्हणणं. तो परिच्छेद लिहायला त्यांना दोन तास लागले. सुरक्षा, कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची, आज एकीला घेतलं तर उद्या दहा येतील. मग स्वतःची बाजू. पत्र मी दुरुस्त केलं नाही, शुद्धलेखनही नाही.

कमिटीत चर्चा झाली. क्लबहाऊसचा नियम बदलला नाही. सेक्रेटरी मुलांशी स्वतः बोलले, त्यांनी कारणं सांगितली आणि हेही सांगितलं की आमची बाजू तुम्ही आमच्यापेक्षा चांगली मांडलीत. मुलं नाराज झाली. मीही. पण मग मुलांनीच गोल उचलला आणि बी विंगच्या मागे नेला, पेव्हर ब्लॉकवर, तिथे यायला कुणाला बंदी नाही. सतरंजी तीच.

ती मुलगी पहिल्या शनिवारी "पास" म्हणाली. फळा_खडू ताई, तुमच्यामुळे मला घाई करायची नाही हे कळलं होतं. काल तिने चिठ्ठी दिली. मी नावासकट फळ्यावर लिहिली. "माझ्या आईला मोठ्या लिफ्टने का जाऊ देत नाहीत?"

मग नेहमीप्रमाणे कुठला प्रश्न घ्यायचा त्याचं मत घेतलं. तिच्या प्रश्नाला ४ मतं, "भूत असतं का" ला ९. भूत जिंकलं. मी काही बोलले नाही, पोटात मात्र कालवलं. भुतावर मुलं पुष्कळ बोलली, तीही बोलली, तिच्या गावच्या विहिरीची गोष्ट सांगितली, सगळे गार झाले ऐकून. उठताना मी फळा पुसायला घेतला तर लगोरीवाली मुलगी मध्ये आली. म्हणाली काकू, जे प्रश्न हरले ते पुसायचे नाहीत, नाहीतर ते रोज हरतील. आता ठरलंय की हरलेल्या प्रश्नांतला एक दर दुसऱ्या शनिवारी मत न घेता घ्यायचा.

तिचा प्रश्न अजून फळ्यावर आहे. येत्या शनिवारी पाच वाजता तोच. त्याआधी मला कमिटीला विचारायचंय की लिफ्टचा हा नियम कुठे लेखी आहे का, मला माझ्या कागदांत सापडला नाही. नेरुळ_पूर्व, मुलीला घेऊन येणार असाल तर मागच्या गेटने या, तिथून जवळ पडतं.